अवसेची ओहोटी

“जाताना दोन पुरुष पानी आणि येताना गुडघाभर,” दाऊद तांडेल म्हणाला, आणि माझी खात्री पटावी म्हणून त्याने लुंगी वर करून चिखलाने माखलेला गुडघा दाखवला.

आम्ही नकाशाच्या तंबूत बसलो होतो. पहिल्या महायुद्धाचं दुसरं वर्ष, कार्तिक महिना, जागा बसऱ्याच्या वर नदीने चार दिवसांच्या वाटेवर. मी फौजेत होतो म्हटलं की आमची नातवंडं अजून तलवार शोधतात. माझ्या हातात तलवार कधी आली नाही. मी होतो ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा कारकून. मूळचा रेवदंड्याचा चौबळ, अक्षर मोत्यासारखं आणि जीव चिमणीएवढा. मॅट्रिकला दोनदा गटांगळी खाल्ली, मग पुण्यात ड्रॉइंग शिकलो, आणि पगार बरा मिळतो म्हणून या उजाड मुलखात येऊन पडलो. भीती मला लहानपणापासून सगळ्याची वाटे. शिक्षकाची, कुत्र्याची, वडिलांच्या खोकण्याचीसुद्धा. तिथे तर घाबरायला तोफा होत्या.

दाऊद तांडेल बाणकोटचा. उमेदीची वीस वर्षं त्याने खजुराच्या गलबतांवर बसऱ्याच्या फेऱ्या केल्या होत्या आणि अरबी तो आपल्या घरच्या बोलीइतकी सहज बोले. आमच्या हेरखात्याचा कॅप्टन हॉवर्थ याने त्याला खजुराचा व्यापारी बनवून शत्रूच्या बाजूला पाठवलं होतं. कंबरेच्या करगोट्यासारखी एक दोरी त्याच्याजवळ असे. शंभर पावलं चालली की तिला एक गाठ. परत आला की गाठी मोजून तो मला सांगे आणि मी कागदावर उतरवी. साहेबाला आमची भाषा येत नव्हती, तेव्हा तांडेलाच्या तोंडून जे येई ते माझ्या तोंडून साहेबाच्या कानी जाई. मधला माणूस मी एकटाच.

या खेपेला सगळं लक्ष एका नहरावर होतं. नदीतून फुटलेला तो कालवा तुर्कांच्या खंदकांना डावीकडून वळसा घालून जात होता. तो ओलांडता आला की फौज थेट खंदकांच्या पाठीमागे निघणार होती. म्हणून साहेबाने प्रश्नांची यादीच दिली होती. रुंदी किती, काठ केवढा उंच, तळाला चिखल की वाळू, झाडं कुठे, पहारा कुठे. मी एकेक प्रश्न वाचत गेलो, तांडेल उत्तर देत गेला. वरच्या अंगाला अर्ध्या कोसावर दोन शिपाई बसलेले असतात, असंही तो म्हणाला. मी तिथे चौकीची खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

“जाताना कोणत्या दिवशी गेलात?” मी विचारलं.

“शुद्ध बारशीला. दिवस कासराभर वर आला व्हता. होडी करावी लागली.”

“आणि येताना?”

“येताना वद्य चतुर्थी. तेव्हाबी कासराभरच दिवस. चालत आलू.”

एवढं सांगून तो तिथेच कलंडला. अंग चटचट भाजत होतं. त्याला दवाखान्याच्या तंबूत पोचवून मी परत आलो आणि कागदापुढे बसलो.

सकाळच्या त्याच वेळेला एकदा दोन पुरुष पाणी आणि सात दिवसांनी गुडघाभर. कोकणातल्या माणसाला यात कोडं ते काय? आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. मी पाऊणकी म्हटली. बारा पाऊणे नऊ. द्वादशीला नऊला भरती, म्हणून होडी लागली. चार पाऊणे तीन. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी, म्हणून गुडघाभर. दोन्ही दिवस जिथल्या तिथे बसले. बसऱ्याच्या खाडीवरही मी हा हिशेब गंमत म्हणून ताडून पाहिला होता आणि घटका दोन घटकांच्या फरकाने तो जमला होता. मला इतका आनंद झाला की मनगटाखालचा टीपकागद सरकून घामाचा डाग ट्रेसिंगच्या कापडावर पडला, तेही कळलं नाही.

हॉवर्थसाहेब क्वेट्ट्याकडचा, सगळा जन्म डोंगरात गेलेला. समुद्र त्याने बोटीच्या कठड्यावरून ओकताना पाहिला तेवढाच. उतार, म्हणजे नहर चालत ओलांडता येण्याइतकं कमी पाणी, कधी मिळेल, असं त्याने विचारलं. मी छाती काढून सांगितलं की अवसेला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पहाटे सव्वापाचला पुरी ओहोटी, आणि अवसेला पाणी एरवीपेक्षा जास्तच आटतं. वर अंधार. साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मला ते नकाशावर लिहायला सांगितलं. मी नहरावर बाण काढला आणि माझ्या उत्तम अक्षरात उताराची जागा आणि वेळ लिहिली. हेराने सांगितलेल्या गोष्टी तुटक रेघेने दाखवायच्या, हा आमच्या खात्याचा नियम. माझा तर्क कोणत्या रेघेने दाखवायचा, याला नियम नव्हता. मी सलग रेघ ओढली.

दोन दिवसांत तो नकाशा जनरलसाहेबाच्या टेबलावर पोचला. चंद्रावरून घड्याळ लावणारा हा बाबू कोण, असं म्हणे तो हसून म्हणाला. मोठ्या साहेबांनी आपलं नाव काढलं, एवढ्यावर मी चार दिवस दोन अंगुळं वरून चालत होतो. मामाला पत्रही लिहून टाकलं.

वद्य बारशीच्या सकाळी सुभेदार शेडगे तंबूत आले. मराठा पलटणीतली त्यांची कंपनी नहर आधी ओलांडणार होती. शेडगे माण तालुक्यातले, पन्नाशीला टेकलेले, मिशा पांढऱ्या. आमची ओळख गुळावरून झालेली. त्यांना घरून गूळ येई आणि ते त्यातला खडा मला आणून देत. त्या दिवशी त्यांना फक्त नकाशा बघायचा होता. वाचता येत नव्हतं, पण माझ्या बाणावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

“बाबू, पानी गुडघ्याएवढंच न्हवं?” त्यांनी विचारलं. “माजी पोरं समदी माणातली. आमच्याकडं न्हायला पानी गावत न्हाई, पव्हायला कुठलं. एकशे बारा जणांत पव्हनारे चारबी निघायचे न्हाईत.”

“गुडघाभर,” मी म्हणालो. “फार तर मांडी भिजेल.”

“तुमी काढलंय म्हनल्यावर काळजी न्हाई,” असं म्हणून ते गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी, तेरसीला, तांडेलाचा ताप उतरला. पेज घेऊन मी त्याच्याकडे गेलो तर तो उठून बसला होता आणि हसत होता. अवसेच्या पहाटे पलटणीला वाट दाखवायची आहे, असा निरोप त्याला हवालदाराने दिला होता. ओहोटीच्या वेळेला.

“कसली ओहोटी म्हंतात हे?” तांडेल मला म्हणाला. “तिथं कुठली भरती नि कुठली ओहोटी, बाबू? दर्याचं पानी खाली दोन दिवसांच्या वाटेवरच थकतं. तिथलं पानी बारा महिनं गोडं.”

मी पेज खाली ठेवली. “मग पाणी चढलं-उतरलं कसं?”

“उघाडी हाय ना वर. ते दोन शिपाई कशाला बसलेत? दार उघडलं की नहर भरतो, लावलं की उतरतो. त्येंच्या मर्जीवर हाय सगळं.”

उघाडी म्हणजे काय हे मला त्याने समजावून सांगायची गरज नव्हती. रेवदंड्याला आमच्या खारजमिनीच्या बांधाला लाकडी दाराची उघाडी होती. लहानपणी मी तिच्यावर बसून खेकडे धरले होते. आणि इथे मी त्या दोन शिपायांची एक सुबक चौकी काढून ठेवली होती. ते कशावर पहारा करतात, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. साहेबाच्या यादीत तो प्रश्न नव्हता.

मी डोकं धरून खाली बसलो. तांडेलाला वाटलं मलाही ताप चढतोय. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शांतपणे सांगितलं, साहेबाला आजच्या आज सांगा, अजून दोन दिवस आहेत, दार आधी आपल्या माणसांनी धरलं पाहिजे, मग पाणी उतरवून घेता येईल. त्याने जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की लहान मुलालाही जमलं असतं.

दुपारी मी हॉवर्थसाहेबाच्या तंबूपुढे उभा राहिलो. आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. साहेब खुशीत होता. मी काही बोलण्याआधी त्यानेच सांगायला सुरुवात केली. एक इंजिनिअरसाहेब पुलाच्या होड्या न्यायचा हट्ट धरून बसला होता, पण माझा नकाशा दाखवून त्याचं तोंड बंद केलं, होड्या सकाळीच खालच्या तळावर पाठवून दिल्या. जनरलसाहेबापुढे आपण या नकाशाची हमी घेतली आहे, असं तो म्हणाला. मग पाइप पेटवता पेटवता हसून म्हणाला की चूक निघाली तर मी घरी जाईन आणि तुझा तो तांडेल फासावर जाईल. माझं काय होईल, हे तो बोलला नाही. ते माझ्या मनाने मला लगेच सांगितलं.

फासाचा दोर मला त्या तंबूच्या खांबाला बांधलेला दिसत होता, शपथेवर सांगतो. चुकलो, एवढा एक शब्द बोलायचा होता. तेवढ्यावर एकशे बारा माणसांचा जीव होता, हे मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. शेडग्यांचं बोट माझ्या बाणावर ठेवलेलं डोळ्यांसमोर होतं. तरीही माझी पाचावर धारण बसली ती बसली. भित्र्या माणसाला इतरांच्या मरणापेक्षा आपली कानउघाडणी मोठी वाटते. हे कुणाला खोटं वाटत असेल तर तो सुखी माणूस आहे.

“काय काम होतं?” साहेबाने विचारलं.

“शाई संपत आली आहे, साहेब,” मी म्हणालो.

साहेबाने चिठ्ठी लिहून दिली. मी जाऊन शाई घेऊन आलो.

त्या संध्याकाळी मी आणखी दोनदा निघालो. एकदा तंबूच्या दोराला पाय अडखळला म्हणून परत फिरलो, एकदा आत दुसरे साहेब होते म्हणून. बुडत्याला काडीचा आधार तसे मला विचार सुचत होते. कदाचित ते शिपाई त्या पहाटे दार लावून ठेवतील. चतुर्थीला नव्हतं का लावलेलं? कदाचित हल्लाच रद्द होईल. कदाचित तांडेलच चुकत असेल, तापात माणूस काय वाटेल ते बोलतो. स्वतःची समजूत घालायला माझ्यासारखा वकील नव्हता.

चतुर्दशीला सकाळी कंपनी निघाली. पोरं गप्पा मारत होती, कुणीतरी कुणाची टोपी उडवली म्हणून हशा चालला होता. शेडग्यांनी लांबून हात केला. मी नमस्कार केला आणि चटकन पाण्याच्या पखालीमागे सरलो. तांडेल मला शोधतच आला. अशक्तपणाने तो काठी टेकत चालत होता.

“बाबू, साहेबाला सांगितलंत ना?”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. त्याच्याजवळ जरी खरं बोललो असतो तरी तो माणूस स्वतः जनरलच्या तंबूत शिरला असता. पण तो तिथे शिरला असता म्हणजे माझं नाव निघालं असतं.

“सांगितलं,” मी म्हणालो.

“काय म्हनाला?”

“उघाडीचा बंदोबस्त करतो म्हणाला. माणसं वेगळी पाठवलीत.”

तांडेलाचा चेहरा उजळला. त्याने आपला हात माझ्या छातीवर ठेवला, म्हणाला, “बेस झालं, माझ्या जिवाला घोर व्हता,” आणि काठी टेकत रांगेच्या पुढे गेला.

अवसेच्या पहाटे मी तंबूबाहेर खोक्यावर बसून होतो. घड्याळात सव्वापाच झाले. काहीच आवाज आला नाही. सहा वाजले, तरी नाही. मला वाटलं, पार झाले. मी हात जोडले, चौलच्या देवाला नारळ बोलून टाकला. साडेसहाला, चांगलं दिसू लागल्यावर, मशिनगन सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

एकशे बारांपैकी एकतीस परत आले. बाकीच्या दोन पलटणी पाठीमागे ताटकळल्या आणि दुपारपर्यंत सगळी फौज माघारी वळली. त्या मोहिमेतून मग काहीच निष्पन्न झालं नाही. दाऊद तांडेल परत आला नाही. चार दिवसांनी हॉवर्थसाहेबाने अहवाल लिहिला की हेराने उताराबद्दल खोटी माहिती दिली, बहुधा तो शत्रूला फितूर असावा. मेलेल्या माणसाला फासावर देता येत नाही, आणि त्याची बाजू मांडायला कुणी नसतं. अहवालाची स्वच्छ प्रत मी काढली. फितूर हा शब्दही मीच लिहिला. कुणी मला एक प्रश्न विचारला नाही.

शेडगे इस्पितळात होते. उजवा पाय मांडीपासून काढला होता. मी आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. मग त्यांनीच निरोप पाठवला, तेव्हा जावं लागलं. मला वाटलं, ते माझ्या तोंडावर थुंकतील, आणि खरं तर मला ते हवं होतं. त्यांनी उशीखालून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

“तांडेलाला फितूर म्हनत्यात,” ते म्हणाले. “तुमी लिवणारं मानूस. साहेबाला सांगा, त्यो फितूर न्हवता. मी व्हतो तिथं.”

मी मान हलवली. ते सांगू लागले, थांबत थांबत.

“पाचाच्या आधी पोचलो. बघतो तर नहर काठोकाठ. काळं पानी, हलतबी नव्हतं. मी म्हनलं, मागं फिरायचं. अंधार व्हता, एक गोळी न सुटता सगळी परत आली असती. पोरं वळलीबी व्हती. तर तांडेल म्हनला, थांबा सुभेदार. बाबूनी साहेबाला सांगितलंय, उघाडीवर मानसं गेल्यात, त्यांनी दार लावलं की पानी उतरंल. थोडा दम धरा.”

मी गुळाचा खडा मुठीत घट्ट धरून बसलो होतो.

“म्हनून बसलो चिखलात. त्यानं आपली काठी पान्याच्या कडंला रवली आनि तिच्याकडं बघत बसला. पानी उतरतंय का, पानी उतरतंय का. मी दोनदा म्हनलं, फिरू या. दोनदा म्हनला, बाबू खोटं बोलायचा न्हाई. आनि मग उजाडलं. पलीकडनं त्यांना आमी समदी दिसलो, काठावर ओळीनं बसल्याली. काठी तशीच व्हती. बोटभरबी उतरलं न्हाई.”

इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांना नकाशाच्या चुकीने मारलं. चूक माणसाच्या हातून होते, देव क्षमा करतो, असं मी रोज स्वतःला घोकवत होतो. नकाशाची चूक तर पाणी बघताक्षणी त्यांची त्यांनाच कळली होती. ते परत निघाले होते.

शेडग्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

“बाबू, त्या उघाडीवर गेल्याल्या मानसांचं काय झालं ओ? ती कुठं अडकली?”

तोंड उघडायची ती शेवटची संधी होती. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं.

“वाट चुकली त्यांची,” मी म्हणालो.

“अरारा.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. “त्यांचीबी घरदारं असत्याल. समदी गेली?”

“एक वाचला,” मी म्हणालो.